आठ मेंदूंचं एकमत

ऐका बाळांनो. एका जंगलात, जिथे वाघसुद्धा अर्ज केल्याशिवाय शिकार करत नसे, दाजीबा नावाचं साळिंदर सरकारी संगणकावर कारकून होतं.

दाजीबाच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. तेवढ्यात सिंहमहाराजांनी विचारलं, “आमच्या प्रजेत शेकडा किती जण सुखी आहेत? उद्या संध्याकाळपर्यंत सांग. नाहीतर दलदलीच्या नाक्यावर बदली!”

‘सुखी’ किंवा ‘दुःखी’ असं प्रजेने लिहिलेल्या चिठ्ठ्या संगणकात होत्याच. त्यांतल्या हजार न बघता उचलायच्या, सुखी मोजायचे, चिठ्ठ्या परत टाकायच्या. असं लाख वेळा करून सरासरी काढायची. दाजीबाने काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम टंकला. पडद्यावर उमटलं: आठ दिवस लागतील.

दाजीबाचे काटे उभे राहिले.

शेजारच्या टेबलावर खारूताई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, या यंत्राला आठ मेंदू आहेत. एक राबतोय, सात बसून आहेत.”

“म्हणजे अगदी आपल्या कचेरीसारखं!”

“कामाचे आठ वाटे करा. आठ हुकूम एकदम सोडा. एक संपायची वाट बघू नका.”

दाजीबाची सगळी नोकरी नकला काढण्यात गेली होती. त्याने एका वाट्याचा हुकूम नीट लिहिला आणि त्याखाली सात वेळा जसाच्या तसा उतरवला. कानामात्रा चुकू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आठ उत्तरं आली. ७१.४३. आठही.

दाजीबाने सगळ्यांना चहा सांगितला. खारूताईंनी पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“दाजीबा, चिठ्ठ्या उचलायची सुरुवात ज्या आकड्यावरून होते, तो आठही हुकुमांत एकच ठेवलात? आठही मेंदूंनी त्याच चिठ्ठ्या त्याच क्रमाने उचलल्या. ही आठ उत्तरं नाहीत. एकच उत्तर आठदा आहे.”

“मग पुन्हा करू?”

“करा की. उद्या दुपारी होईल.”

“आणि आज संध्याकाळी बदली!”

इतक्यात महाराज स्वतःच आले. पडदा बघून त्यांची आयाळ फुलली. “आठांपैकी आठ? तेही दशांशासकट? आमच्या दरबारात दोन कावळ्यांचं जमत नाही!”

खारूताईंना राहवलं नाही. “महाराज, प्रत्येकाची सुरुवात वेगळी हवी होती. मग कुणी ७१.४२ म्हणेल, कुणी ७१.४४. खरं त्यांच्यामध्ये कुठेतरी असतं.”

“आठ तोंडं आठ दिशांना? हे तर बंड झालं! दाजीबा, तुझं काय म्हणणं?”

दाजीबाने खारूताईंकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग त्याला दलदलीतले डास आठवले.

“वरीलप्रमाणे, महाराज.”

महाराज खूश झाले. दाजीबाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि मंत्रिमंडळाला एकमत शिकवण्याचं जादा काम. दलदलीच्या नाक्यावरची जागा रिकामी होतीच. तिथे खारूताई गेल्या.

तात्पर्य: बाळांनो, आठ जणांनी एकच गोष्ट सांगितली, तर ते निघाले कुठून हे विचारू नये. दलदलीत शेंगा मिळत नाहीत.