टीव्हीकडे पाठ करून

सखाभाऊ टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम टीव्हीकडे पाठ करून बघायचे.

शनिवारी आठाला पाच मिनिटं कमी असताना ते पेणच्या आमच्या घरी यायचे. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायचे, प्लास्टिकची खुर्ची उचलायचे आणि टीव्हीच्या पुढ्यात, जरा बाजूला, आमच्याकडे तोंड करून बसायचे. कार्यक्रम तासाभराचा. तो तासभर मी, माझा नवरा सुभाष आणि सासूबाई टीव्हीकडे बघायचो, आणि सखाभाऊ आमच्याकडे. जेवताना कोणी समोर बसून तोंडाकडे बघत राहिलं की घास उतरत नाही. हसण्याचंही तसंच असतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

सखाभाऊंनी उभा जन्म गणपतीच्या कारखान्यात आखणी केली. म्हणजे तयार मूर्तीचे डोळे रंगवले. पेणमध्ये मूर्ती करणारे गल्लोगल्ली सापडतील, पण आखणीला हात बसलेले मोजके. पुढे हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी ब्रश ठेवला. नजर मात्र कामावरच राहिली. बाजारात भेटले तरी तुमच्या भुवईखाली काहीतरी दुरुस्तीचं राहिलंय, अशा नजरेने बघायचे.

ते आमच्याकडे बघायचे ते परीक्षणासाठी. आता हे परीक्षणाचं काय ते सांगते. फोनवर आमचा एक ग्रुप आहे, ‘हास्यप्रेमी, पेण-रोहा’. शनिवारचा कार्यक्रम बघायचा आणि रविवारी त्यावर भांडायचं, एवढंच त्याचं काम. ॲडमिन मी. मी रोह्याच्या एका शाळेत ऑफिस सांभाळते, त्यामुळे माणसांना शिस्त लावायचं काम आपोआप माझ्याकडे येतं. ग्रुपवर दोघं नेमाने परीक्षण द्यायचे. एक रोह्याचे कुलकर्णी सर, निवृत्त शिक्षक. त्यांचं परीक्षण दोन फुलस्केप भरेल एवढं, आणि त्यात लेखन, अभिनय, नेपथ्य असे वेगवेगळे गुण. दुसरे सखाभाऊ. त्यांना टाइप करता यायचं नाही, म्हणून ते बोलून पाठवायचे.

“पयला स्किट. म्हातारी हसली, पण खोकला आला म्हणून थांबली, तो अर्धा धरा. सुभाष हसला तो बायको हसली म्हणून, तो धरायचा नाय. दुसरा स्किट वैनींच्या ओठावरच राहिला. डोळ्यांपर्यंत नाय पोचला. नापास.”

ग्रुपवर लोकांना याची भारी गंमत वाटायची. दर रविवारी आमच्या घरातलं कोण कशाला हसलं, हे पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. मी वरवर चालवून घ्यायचे. हसताना मात्र जपून हसायचे.

आणि मग तो नणंदेचा स्किट आला. त्यातली नणंद माहेरी येते, स्वयंपाकघरातले डबे उघडून बघते, बोट फिरवून कपाटावरची धूळ काढते आणि म्हणते, “मी कुठे काय बोलले?” माझी नणंद सुमनताई रोह्याला राहते, ग्रुपवर आहे, आणि डबे उघडते. मी ओठ घट्ट मिटून बसले होते. माझ्या मते चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

रविवारी सकाळी सखाभाऊंचा आवाज आला. “नणंदेचा स्किट एक नंबर. वैनींचं तोंड बंद होतं, पण डोळे असे हसले, असे हसले, की मी तीन वर्षांत बघितले नव्हते. हा स्किट खरा हाय. पास.”

दहा मिनिटांत सुमनताईंचा फोन. “काय गं, डोळ्यांपर्यंत पोचला म्हणे?”

त्यानंतर महिनाभर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. खरं तर ही माझ्यासाठी विश्रांती होती, पण सासूबाई सारख्या दाराकडे बघायच्या आणि सुभाष माझ्याकडे. मी ठरवलं की हा प्रकार थांबवायचा. सखाभाऊंना सरळ “आमच्याकडे येऊ नका” म्हणता आलं असतं. ते वाईट दिसलं असतं. म्हणून मी ऑफिसात करतात ते केलं. नियम काढला.

त्यासाठी रोह्याला कुलकर्णी सरांच्या गच्चीवर बैठक बोलावली. विषय: चांगला परीक्षक कोणाला म्हणावं. पंधरा-वीस माणसं जमली, पोहे झाले, आणि चर्चा अशी रंगली की कार्यक्रमापेक्षा तीच बरी. कुलकर्णी सर म्हणाले, परीक्षकाने हसूच नये, हसला की तोल गेला. एक नर्सबाई म्हणाल्या, “मग त्याने बातम्या बघाव्यात. मला ड्युटीवरून आल्यावर एवढंच सांगा, हा भाग बघू की झोपू?” डोलवीला कंपनीत असलेला एकजण म्हणाला, की ज्याने आयुष्यात एकदा तरी चार माणसांत विनोद करून मार खाल्लाय, त्यालाच परीक्षणाचा हक्क. त्याने खाल्ला होता, हे त्याच्या बोलण्यावरून दिसत होतं.

सखाभाऊ कोपऱ्यात बसले होते. त्यांना विचारलं, तसे म्हणाले, “विनोद टीव्हीत नसतो ओ. तिथं नुसती बडबड असते. तो समोरच्या माणसाच्या तोंडावर उतरला तर विनोद. जिथं उतरतो तिथं बघायला नको?”

कुणीतरी “वा” म्हणालं. चर्चा सखाभाऊंच्या बाजूने झुकतेय असं दिसताच मी कागद काढला आणि वाचला. “परीक्षकाने कार्यक्रम स्वतःच्या घरी, एकट्याने, पडद्याकडे तोंड करून पाहावा. इतरांच्या हसण्याचा परिणाम मतावर होऊ नये.” ऐकायला फार तात्त्विक वाटलं. कुलकर्णी सरांनी लगेच पाठिंबा दिला. हात वर करा म्हटल्यावर सगळ्यांनी केले. सखाभाऊंनी तर सगळ्यांच्या आधी केला.

“बरोबर हाय वैनींचं,” ते म्हणाले.

सुमनताईही बैठकीला होत्या. जाताना त्यांनी मला “ये गं घरी चहाला” म्हटलं. मला वाटलं, कुणाचं मन न दुखवता काम झालं.

त्या शनिवारी आम्ही तिघं मोकळेपणाने टीव्ही बघायला बसलो. सासूबाई दोनदा म्हणाल्या, “आज सखा नाय आला गो?” मी नियम समजावून सांगितला. त्यांनी मान हलवली, आणि अर्ध्या कार्यक्रमात झोपून गेल्या.

रविवारी सखाभाऊंचा निरोप आला. “बघितला.” मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. “बरा असंल.” दुसऱ्या रविवारी फक्त “बघितला.” पुढचे दोन रविवार काही नाही. कुलकर्णी सरांनी ग्रुपवर लिहिलं, “एक परीक्षण येत नाही. ॲडमिननी चौकशी करावी.”

शनिवारी शाळेतून परतले, घरी पर्स टाकली आणि संध्याकाळी साडेसातला सखाभाऊंकडे निघाले. त्यांची खोली आमच्या मागच्या आळीत, चालत पाच मिनिटं. वाटेत लक्षात आलं की तीन वर्षं हा माणूस दर शनिवारी आमच्याकडे येत होता आणि मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच जात होते. म्हणजे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेले होते ती ताराकाकी, त्यांची बायको, वारली तेव्हा. त्यालाही तीनच वर्षं झाली होती. ऑफिसात मी सगळ्यांच्या हजेऱ्या तोंडपाठ ठेवते. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मात्र कधी बघितले नव्हते.

दार उघडंच होतं. सखाभाऊ टीव्हीशेजारी न्हाव्याकडे असतो तसला लांबट आरसा तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करत होते. समोर एकच खुर्ची.

“या वैनी. नियमात बसतं ना हे?” त्यांनी विचारलं. “घर माझं, मी एकटा, तोंड पडद्याकडं. फक्त बाजूला माझं तोंड मला दिसंल अशी सोय केलीय. कुणाचं तरी बघायला पायजे ना.”

“मग परीक्षण का पाठवत नाही?”

त्यांनी आरशाकडे बोट केलं. “हा गडी हसत नाय. चार शनिवार बसलो याच्यासमोर. आता नापास कुणाला करू? कार्यक्रमात दम नाय का या तोंडात नाय, ते कळल्याबिगर पाठवायचं कसं? उगा कलाकारांवर अन्याय.”

हे त्यांनी एखाद्या बिघडलेल्या पंख्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. मला त्या आरशात आपण दिसू नये असं वाटलं, म्हणून मी जरा बाजूला सरकले.

“तो नियम मी रद्द करते,” मी म्हणाले. “आत्ता लिहिते ग्रुपवर. तुम्ही आमच्याकडे या. सासूबाई सारखी आठवण काढतात.”

“त्यांना नमस्कार सांगा. पण नको.” ते पंच्याने आरसा पुसत होते. “मी असलो की तुम्ही जपून हसता. माझ्यापायी घरात बाईमाणसाला अवघडल्यासारखं कशाला?”

“तसं काही नाही हो.”

“गच्चीवर तुम्ही कागद वाचत होता ना, तवा मी तुमच्याकडंच बघत होतो. तुम्हाला नको झालं होतं, आणि नको म्हणवत नव्हतं. म्हटलं, आपणच पयला हात वर करावा. नायतर कुणीतरी विचारलं असतं, हा नियम का, कुणासाठी. तुमचं तोंड उतरलं असतं सगळ्यांत.”

चूक नियमाची होती असं म्हणता येत नव्हतं. नियम मी केला होता, आणि तो ज्याच्यासाठी केला त्याने मला त्यातून अलगद सोडवलं होतं. आणि मी घरी जाऊन सुभाषला सांगितलं होतं, बघ, कसं गोड बोलून काम झालं.

आठ वाजले. मी उठले नाही. सखाभाऊंनी एकुलती एक खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि आरसा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. स्वतः कॉटच्या कडेला बसले, आणि टीव्ही लावून, माझ्याकडे एकदाही न बघता, मुद्दाम पडद्याकडे बघत राहिले. पहिला स्किट सुरू झाला. टीव्हीतले लोक हसायला लागले. तोंड कुठे करून बसावं ते मला कळेना.