गिळण्याचा प्रसंग भाग दोनमध्ये

मेनसिमा मावशी व्हिडिओघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि बाकांऐवजी छताकडे बघू लागल्या, तेव्हाच तिथे टीव्हीवर सिनेमे दाखवणारा एको सॅकी सावध झाला. रिकाम्या बाकांवरून बोलणी खायची त्याची तयारी होती. पण छत न्याहाळणारी घरमालकीण काही वेगळाच विचार करत असते.

"धूर जायला वर भोक पाडावं लागेल," त्या म्हणाल्या.

"कसला धूर, मावशी?"

"माशांचा. धुरी द्यायच्या माझ्या भट्ट्या इथे आणणार आहे. तुझ्या सिनेमाला येतं कोण? परवा डोकावले तर आत तू एकटा. आणि तूही झोपलेला."

"झोपलो नव्हतो. डोळे मिटून ऐकत होतो."

"येत्या मंगळवारी बाकं भरून दाखव. नाही भरली तर बुधवारी माझे मासे येतील. ते निदान ठेवलेल्या जागी बसतात तरी."

मंगळवारी समुद्रात होडी घालायची नाही, हा अबोक्रोम गावाचा नेम. तो दिवस समुद्राचा. सगळे कोळी किनाऱ्यावर जाळी शिवत बसतात आणि कंटाळतात. माणसं मिळायची तर त्याच दिवशी. पण त्यांना दाखवायचं काय? परदेशी मारामाऱ्या आता ज्याच्या त्याच्या फोनवर होत्या.

एकोने खाटेखालची पेटी ओढली. तीत तीस वर्षांपूर्वीच्या, इथल्याच मंतर-तंतराच्या सिनेमांच्या कॅसेटी होत्या. त्यांत दुष्ट काका नाग व्हायचा, विधवेच्या डोळ्यांतून हिरवी वीज निघायची आणि शेवटी पाद्री घाम पुसत सगळ्यांना ताळ्यावर आणायचा. प्रत्येक गोष्ट दोन-तीन भागांत. पहिल्या भागाच्या शेवटी कुणीतरी दार उघडून किंचाळणार, हे ठरलेलं. हे सिनेमे बंद पडले म्हणून गावातली भांडणं वाढली, असं एकोचं ठाम मत होतं. त्याआधी लोक आठवडाभर काकाने मडक्यात काय लपवलं एवढ्यावरच भांडत.

त्याने 'काकाचं मडकं' निवडला आणि तो एजिर पेंटरकडे गेला. एजिर आता केशकर्तनालयाच्या पाट्या आणि होड्यांवरची नावं रंगवायचा, पण एके काळी पिठाच्या दोन गोण्या जोडून त्यावर काढलेली त्याची पोस्टरं बघायला शेजारच्या गावाहून माणसं येत.

"आधी सिनेमा दाखवू का तुला?" एकोने विचारलं.

"नको रे बाबा. एकदा बघून काढलं होतं चित्र. कुत्रं आलं नाही सिनेमाला. जे आहे तेच काढलं तर लोक बघायला कशाला येतील?"

"मग ऐक तरी. एक काका असतो, त्याचं एक मडकं—"

"बस, कळलं."

सोमवारी सकाळी केंके, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईच्या टपरीवर पोस्टर लागलं. एको बघायला गेला आणि बघतच राहिला. समुद्रातून एक अवाढव्य बाई वर आली होती. केसांच्या जागी वळवळणाऱ्या वामी, ते सापासारखे मासे. जबड्यात इंजिनासकट अख्खी होडी, आणि होडीत हात वर करून बोंबलणारा एक माणूस.

"एजिर, यात काका कुठाय?"

"मावला नाही."

"आणि मडकं?"

"तिच्या पोटात असेल."

मग एकोचं लक्ष बाईच्या चेहऱ्याकडे गेलं. पुढच्या दातांतली फट, हनुवटीवरचा तीळ, कपाळावर बांधलेला पिवळा रुमाल.

"अरे, या तर मेनसिमा मावशी!"

"काय करू, चेहरा सुचेना. तेवढ्यात त्या एका कोळ्याशी भांडत समोरून गेल्या. एवढं उघडलेलं तोंड मला परत कुठे मिळणार?"

"आणि होडीतला हा?"

"तू. रंग उरला होता."

एकोने पोस्टर काढायला हात घातला, पण खाली जमलेल्या कोळ्यांनी त्याला मागे ओढलं. "हात लावायचा नाही! उद्या सगळे येतोय. मावशी होडी गिळताना बघायचंय."

मंगळवारी दुपारी बाकं भरली, बाकांमधली जमीन भरली, खिडक्यांवरही माणसं चढली. मेनसिमा मावशी बाजारातल्या बायका घेऊन आल्या आणि पुढच्या बाकावर मधोमध बसल्या. एकोकडे बघून त्या हसल्या. एकोला त्याचीच जास्त भीती वाटली.

सिनेमा सुरू झाला. काकाने मडकं लपवलं. पुतण्याने शोधलं. सिनेमात कुणी पाण्याची बादली भरली की सगळी बाकं पुढे झुकत. "आता येणार! आता वर येणार!" बादली भरून घरात जायची. कुणी वर येत नव्हतं. शेवटी पुतण्याने दार उघडलं, तो किंचाळला आणि भाग संपला.

"होडी कुठाय?"

"मावशी कुठायत?"

"गिळलं कधी? मी फक्त लघवीला जाऊन आलो!"

एक कोळी उठून टीव्हीच्या मागे वाकून बघून आला. "इथेही नाहीत," त्याने जाहीर केलं. दोघा-तिघांनी बाक उचललं. ते कशासाठी हे एकोला कळलं, आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"भाग दोनमध्ये! गिळण्याचा प्रसंग भाग दोनमध्ये आहे!"

बाक खाली आलं. "असं होय," गावचे मुखिया नाना ओबुआबासा मान डोलावत म्हणाले. "खरं आहे. त्या सिनेमांत खरी गंमत नेहमी दुसऱ्या भागातच असायची. चला रे. आता पुढच्या मंगळवारी."

लोक समाधानाने घरी गेले. एको मात्र टीव्हीपाशीच थांबला. भाग दोन त्याला पाठ होता. त्यात काका रडतो आणि पाद्री प्रार्थना करतो. समुद्र तर सोडाच, साधं डबकंही नाही.

मावशी अजून बसूनच होत्या. एकोने हात जोडले. "मावशी, चूक झाली."

"झालीच. मी एवढीशी होडी गिळेन? माझ्या जावयाची बघ, केवढी मोठी आहे. ती गिळेन." त्यांनी रुमाल घट्ट केला. "बरं, भाग दोनमध्ये माझं काम कोण करतंय? ती बाजारातली वाळकी एस्सिबा असेल तर मी चालवून घेणार नाही."

"कुणीच नाही, मावशी. तो प्रसंगच नाही त्यात."

"म्हणजे जागा रिकामी आहे."

"आणि... बुधवारचे मासे?"

"मासे थांबतील. आधी गिळून घेते."

मावशींची भाची अराबा लग्नांचं चित्रीकरण करायची. तिने फोन आणला. एजिरने फळ्यांचा जबडा ठोकून लाल रंगवला. डोक्याला वामी खऱ्या बांधल्या; त्यातली एक मावशींच्या पाठीवरून आत घसरली आणि समुद्रातल्या चेटकिणीचा जो नाच झाला, तो कुणी शिकवून आला नसता. होडीत बसायला एको तयार नव्हता.

"दुसऱ्या कुणाला घ्या. मला पोहता येत नाही."

"लोकांनी पोस्टर बघितलंय," मावशी म्हणाल्या. "दुसरा कुणी गिळला तर लोक आपल्याला गिळतील. चढ."

लाट आली, होडी कलली, जबडा एकोच्या चपलेवर मिटला आणि तो जीव तोडून ओरडला. "एको काका, किती छान ओरडलात!" अराबा म्हणाली. "एकदाही सांगावं लागलं नाही."

तो प्रसंग पाद्रीच्या प्रार्थनेआधी जोडला गेला. मंगळवारी होडी जबड्यात गेली तेव्हा लोक बाकांवर उभे राहिले. बायकांनी पदराने डोळे पुसले. "बिचारा एको," कुणीतरी म्हणालं, "तसा माणूस वाईट नव्हता." मागच्या दाराच्या फटीतून बघणाऱ्या एकोला भरून आलं. सिनेमा संपताच तो हसत हसत पुढे आला, सगळ्यांचे आभार मानायला.

एकीच्या हातातलं केंके खाली पडलं.

"हा इथे कसा?"

"गिळला होता ना?"

नाना उठले. त्यांचे डोळे अजून ओले होते. "गिळलेला माणूस असा दात काढत समोर येणार असेल, तर आम्ही एवढं रडलो कशाला? ही फसवणूक झाली."

पुन्हा एक बाक उचललं गेलं. तेवढ्यात मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "हा तो नाही! हा त्याचा आत्मा आहे. माझ्यावर डूख धरून आलाय. जा रे, जा मागे!"

आणि एको गेला. दुसरं करणार काय?

तेव्हापासून दर मंगळवारी व्हिडिओघरात पाय ठेवायला जागा नसते. दारात तिकिटांना मावशी बसतात, शेजारी धुरी दिलेल्या माशांची टोपली, आणि सिनेमाइतकेच मासेही खपतात. छताला भोक पडलं नाही. एको मागच्या दाराने येतो आणि टीव्हीच्या पाठीमागे पालथ्या बादलीवर बसतो. तिथून काही दिसत नाही. तो डोळे मिटून ऐकतो.

एकदा त्याने मावशींना गाठलं. "मावशी, भाग तीनमध्ये मी परत येतो ना?"

मासा कागदात गुंडाळत त्या म्हणाल्या, "एजिरने पोस्टर केलंय. बघून ये."

तो तडक टपरीवर गेला. पोस्टरवर मावशी लाटांवर आरामात आडव्या पडल्या होत्या. पोटाला एक छोटी खिडकी होती. खिडकीत एको मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर काकाचं मडकं होतं.

एजिर ब्रश पुसत जवळ आला.

"बघ," तो म्हणाला, "या वेळी सगळं मावलं की नाही?"