शाळेच्या इमारतीला मुलांपासून धोका

नगरपालिकेच्या शाळेचे छप्पर चौथीच्या वर्गावर गळत होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ही गोष्ट पालिकेला रीतसर कळवली आणि तिथेच त्या चुकल्या.

पाहणीला अभियंता आला. त्याने वर पाहिले, डोळ्यात थेंब पडला म्हणून खाली पाहिले आणि विचारले, "इमारत किती जुनी?"

"माझ्या आजेसासूबाई इथेच शिकल्या," बाई म्हणाल्या. जुनी म्हटले की काम लवकर होईल, असा त्यांचा भाबडा समज.

"अरे बापरे! मग दुरुस्ती नाही करता यायची. ही ऐतिहासिक झाली."

लगोलग वारसा समिती नेमली गेली. अध्यक्षपदी बाईंचे धाकटे दीर आले. त्यांचे फरशांचे दुकान होते. पण तिसरीच्या वर्गात त्यांनी इतर कोणाहीपेक्षा जास्त वर्षे काढल्यामुळे शाळेच्या इतिहासावर त्यांचा अधिकार सर्वमान्य होता.

"भावोजी, इतिहास राहू द्या. पोरं छत्र्या उघडून शुद्धलेखन लिहितायत," बाई म्हणाल्या.

"वहिनी, गळतंय हे मला दिसतं ना. पण ती मूळ गळती आहे. तिला हात लावला तर वास्तूचा अस्सलपणा जातो."

समितीने गावातल्या शाळांचा इतिहास खणून काढला. पहिली शाळा तबेल्यात भरत असे. ती मोडकळीस आल्यावर वर्ग धान्याच्या कोठारात गेले. तिथे उंदीर आधीपासून शिकत होते. कोठारही ढासळले, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः दगड वाहून आजची इमारत उभी केली. या अभ्यासातून समितीच्या हाती एक धक्कादायक निष्कर्ष लागला. कोसळलेल्या दोन्ही इमारतींत एकच घटक समान होता: मुले.

"आता तिसऱ्या इमारतीतही मुलं आहेत," दीर जेवता जेवता म्हणाले. "याला काय योगायोग म्हणायचं, वहिनी?"

वहिनींनी वाढलेली पोळी परत डब्यात ठेवली. पण ठराव झालाच. वास्तूला असलेला धोका दूर करण्यासाठी मुलांना तात्पुरते बंद पडलेल्या बाजाराच्या शेडमध्ये हलवण्यात आले.

शेडही गळत होती. बाई पुन्हा अभियंत्याकडे गेल्या.

"ही ऐतिहासिक नाही ना?" त्यांनी आधीच विचारून घेतले.

"छे, अजिबात नाही."

"मग दुरुस्त करा."

"पण ती तात्पुरती आहे, बाई. तात्पुरत्या जागेवर कायमची दुरुस्ती कशी करणार?"

इकडे रिकाम्या शाळेचे संग्रहालय झाले आणि जुन्या बाकांना ओल लागू नये म्हणून छप्पर झटपट दुरुस्त झाले. "आणि ती तुमची मूळ गळती?" बाईंनी दिरांना विचारले. दिरांनी शांतपणे समजावले, "तेव्हा ती मुलांवर होती, वहिनी. आता वस्तूंवर आहे."

संग्रहालय थाटात सुरू झाले. पण रिकामे बाक बघून लोक जांभया देऊ लागले. तेव्हा दीर पुन्हा शेडमध्ये हजर. "दर रविवारी थोडी पोरं आणून बसवा ना. जिवंत देखावा होईल. तुम्ही फळ्यापाशी उभ्या राहा, बस."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओठांवर आलेले उत्तर त्यांनी गिळले, कारण तेवढ्यात वहीवर टपकलेला थेंब एक पोरगी फ्रॉकने टिपत होती. रविवार तर रविवार, पण कोरडा! त्या हो म्हणाल्या.

पहिल्याच रविवारी त्यांनी भागाकार शिकवायला घेतला. मुले अडली, विचारू लागली, चुका खोडू लागली. प्रेक्षक घड्याळे बघू लागले. दीर धावत आले आणि कानाशी कुजबुजले, "वहिनी, खरं काय शिकवताय! पाढे म्हणून घ्या. लोक हळवे होतात."

मग बाईंनी तोड काढली. प्रेक्षक आत आले की पोरे बेंबीच्या देठापासून पाढे म्हणत. ते बाहेर पडून पुढचे येईपर्यंत बाई बाकी काढून घेत आणि वरचा पुढचा अंक खाली उतरवून घेत. अशा सांदीकोपऱ्यांतून त्यांनी अख्खा भागाकार संपवला. कोणाच्या लक्षातही आले नाही.

एके रविवारी लेकीला घेऊन आलेले एक गृहस्थ पाढे ऐकून ढसाढसा रडले. "काय दिवस होते, बाई! अशी शाळा राहिली नाही हो आता."

"आहे ना," बाई उत्साहाने म्हणाल्या. "बाजाराच्या शेडमध्ये भरते. प्रवेश चालू आहेत. तुमच्या लेकीला घाला की."

गृहस्थांचे डोळे तत्काळ कोरडे झाले. "बघतो, विचार करतो," असे म्हणत त्यांनी लेकीला जुन्या बाकावर बसवले, तिचा फोटो काढला आणि 'हा ठेवा आपणच जपायला हवा' असे लिहून सगळ्यांना पाठवला.

सोमवारी सकाळी तो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तुम्ही त्यावर लाल बदाम टाकलात आणि खासगी शाळेची बस चुकू नये म्हणून पोराचा हात धरून धावत सुटलात.