वायरलेसचा पंचनामा

बोरगव्हाण खुर्द या गावात त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने एकही शेत बाधित केले नाही, ही बाब एकोणतीस डिसेंबरला सायंकाळी सहा वाजून एक मिनिटाने सिद्ध झाली. मात्र हा निकाल अजून लागलेलाच नाही, असे वाचकांनी तूर्त धरून चालावे. निकाल कितीही पक्का असला तरी तपासणी मन लावून करायची असते, आणि ती तशी झाली याबद्दल कार्यालयाच्या मनात शंका नाही.

साल दोन हजार सतरा. संग्रामपूरच्या अलीकडे, सातपुडा नुसता निळ्या रेघेसारखा दिसतो तेवढ्या अंतरावर, बोरगव्हाण खुर्दच्याच शिवारात पीकपाहणीचे एक मंडळ कार्यालय होते. तिथे धम्मशीला तायडे कंत्राटावर संगणक चालवायची. तिच्याकडे गावातल्या चारशे सतरा कापूसशेतांचे पंचनामे होते. प्रत्येक शेतातली वीस बोंडे फोडायची, किती बोंडांत अळी निघाली ते लिहायचे, तीन फोटो जोडायचे, असा एकेक फॉर्म. पहिलाच फॉर्म तिच्या वडिलांचा, भाऊरावांचा होता. वीसपैकी सतरा.

हे सगळे फॉर्म एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी सहाच्या आत सरकारी साइटवर चढवायचे होते. न चढलेले गाव ‘निरंक’, म्हणजे नुकसान शून्य, धरले जाणार होते आणि निरंक गावाला मदतीतला छदामही मिळणार नव्हता. फॉर्म एका दमात चढवायचे. मध्ये जोडणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. एका दमाला अकरा मिनिटे लागत. कार्यालयाच्या लॅपटॉपचे वायरलेस बरोबर नऊ मिनिटे टिके.

लॅपटॉपमध्ये लिनक्स ही संगणकप्रणाली होती. लिनक्स फुकट असते, आणि फुकट वस्तूच्या खरेदीवर कोणाचीही सही अडत नाही.

भाऊराव रोज सकाळी अकराला येऊन खिडकीत उभे राहत.

“गेली काय वं माही बोंडं?”

“तीनशे एकेचाळीसपरेंत गेली होती, बाबा. मंग तुटलं.”

“म्हंजे माही तं गेली ना? माहा नंबर पयला हाय.”

“नाई ना. तुटलं का सारेच वापस.”

भाऊरावांनी गजांतून मान आत घालून पडद्यावरच्या वायरलेसच्या खुणेकडे पाहिले. “पन डंड्या तं पुऱ्या दिसून राह्यल्या.”

“दिसतात. अंदर काईच नसते.”

“हे तं आपल्या बोंडावानीच झालं बाई,” भाऊराव म्हणाले. “बाहेरून हिरवंगार, अन् फोडलं का अळी. बियानं कोन्या कंपनीचं हाय याचं?”

हा प्रश्न त्यांनी साध्या मनाने विचारला होता. कार्यालयाने तो गांभीर्याने घेतला.

मंडळाचे प्रमुख रंगराव साहेब यांच्यापुढे धम्मशीलाने लेखी तक्रार ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

“हे कोणत्या नमुन्यात आहे?”

“साध्या कागदावर लिहिलं, सर. लॅपटॉप बिघडला तर कोणता नमुना भरायचा ते माहीत नाही.”

“नाहीच तसा नमुना. आपल्याकडे एकच नमुना आहे, कीड-रोग सर्वेक्षणाचा.” साहेबांनी थोडा विचार केला. “त्यातच भरू. नुकसान होतंय ना? मग झालं. इंद्रभान!”

इंद्रभान हे कृषी सहायक. बावीस वर्षे त्यांनी तुरीवरच्या, हरभऱ्यावरच्या आणि कापसावरच्या अळ्या मोजल्या होत्या, आणि मोजणीत त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. त्यांनी लॅपटॉपभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून त्याच्या बुडाशी पाहिले आणि फॉर्म भरायला घेतला. पिकाचे नाव : वायरलेस. वाण : लिनक्स. पेरणीची तारीख : चौदा ऑगस्ट, म्हणजे ज्या दिवशी खोके फोडले तो दिवस. ओलिताचे की कोरडवाहू या रकान्यापाशी ते अडले.

“चार्जर लावला का ओलीत, काढला का कोरडवाहू,” धम्मशीला वैतागून म्हणाली.

इंद्रभानांनी दोन्ही लिहिले आणि तिच्याकडे प्रथमच आदराने पाहिले.

पुरवठादाराला फोन लावला, तर तिकडून अतिशय नम्र उत्तर आले. लॅपटॉपमध्ये दोष नाही. हाच लॅपटॉप शेजारच्या तालुक्यात उत्तम चालतो. तुमच्याकडचे हवामान, वापरण्याची पद्धत आणि शेजारची परिस्थिती तपासून घ्या. बियाण्याच्या तक्रारींत साहेबांनी हेच उत्तर शब्दाला शब्द शंभर वेळा वाचले होते, त्यामुळे त्यांचा त्यावर लगेच विश्वास बसला.

“आपण रेफ्युज लावलं होतं का?” त्यांनी विचारले.

बीटी कापसाच्या बियाण्याच्या थैलीत साध्या कापसाचे एक लहान पाकीट येते. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे अळी त्यावर राहते आणि बीटी पचवायला शिकत नाही. शेतकरी ते पेरत नाहीत, आणि मग अळी झाली की ‘रेफ्युज लावलं नव्हतं’ असे लिहिता येते. लॅपटॉपभोवती रेफ्युज नव्हते, हे उघड्या डोळ्यांना दिसत होते. साहेबांनी कोठीतले अकरा मेलेले संगणक बाहेर काढायला लावले आणि टेबलाच्या चारही बाजूंनी ओळीने रचून घेतले, जेणेकरून बिघाडाला खायला दुसरीकडे काहीतरी मिळावे.

लोखंडी डब्यांच्या त्या कुंपणात वायरलेस नऊऐवजी सहा मिनिटे टिकू लागले.

“सुरुवातीला असंच होतं,” साहेब म्हणाले. “मुळं धरायला वेळ लागतो.”

सव्वीस तारखेला धम्मशीला बाजारातून वकारभाईंना घेऊन आली. वकारभाई फवारणीचे पंप आणि मोबाइल एकाच टेबलावर दुरुस्त करत. त्यामुळे त्यांच्या हाताला रॉकेलचा आणि मोबाइलला पंपाचा वास असे. संगणकांचे कुंपण ओलांडून ते आत शिरले आणि अर्धा तास पडद्याकडे पाहत बसले.

“ताई, याले काई बिमारी नाई,” ते शेवटी म्हणाले. “हे झोपून राह्यलं. बॅटरी वाचवाची सेटिंग हाय. दोन फॉर्मच्या मधात साइट जराशी थांबते, तेवढ्यात याले डुलकी लागते. अठी तीन लिह्येल हाय, तठी दोन करा. बस.”

“मग करा ना, भाई.”

“पासवर्ड मांगते.”

पासवर्ड जिल्ह्याच्या माहिती संकलन कक्षाकडे होता. साहेबांनी फोन लावला. कक्षाने सांगितले की, तिनाचा दोन करण्यास हरकत नाही; मात्र नियमानुसार बाधित क्षेत्र तेहतीस टक्क्यांपेक्षा जास्त असल्याशिवाय कोणतीही मदत देता येत नाही, आणि पासवर्ड ही मदतच आहे.

“सर, तोवर तार जोडू,” धम्मशीला म्हणाली. “त्या नेटच्या डब्यापासून इथवर दोन मीटर वायर. वायरलेसची गरजच नाही.”

साहेबांच्या चेहऱ्यावर खरेखुरे दुःख पसरले. “मॅडम, तुम्ही तरी असं बोलू नका. पंचनामा पूर्ण होईपर्यंत उभं पीक उपटता येत नाही, हे आपणच लोकांना सांगतो. तुमच्या वडिलांनी उपटलं का?”

भाऊरावांनी उपटले नव्हते. हरभरा पेरायचा म्हणून त्यांनी दिवाळीपासून बी आणून ठेवले होते, आणि पंचनामा साइटवर चढण्याची वाट पाहत पोकळ बोंडांची पऱ्हाटी वावरात तशीच उभी होती.

इंद्रभानांनी तीन दिवस निरीक्षणे घेतली. शेतात ते वीस बोंडे पाहून थांबत. पण खात्याच्या मालमत्तेचा प्रश्न असल्याने इथे त्यांनी शंभर निरीक्षणे केली. दर काही मिनिटांनी ते कुंपणाशी जात, पडद्यावर नजर टाकत आणि हातातल्या कागदावर रेघ ओढत. जेवणाच्या सुट्टीतही ते उठून जात. अठ्ठावीसच्या संध्याकाळी आकडा निघाला : शंभरपैकी एकतीस ठिकाणी जोडणी तुटलेली. एकतीस टक्के.

“इंद्रभानभाऊ, यातल्या एकेचाळीस वेळेस लॅपटॉप बंद होता,” धम्मशीला कागद पाहत म्हणाली.

“हाव.”

“मंग बंद असतानी तुटीन कसा?”

“तुटलाच नाई ना. म्हनूनच ते निरोगी धरले.”

“चालू होता तेव्हाचे एकोणसाठच पाहा. त्यातले एकतीस. अर्ध्याच्या वर गेलं हे!”

“ताई,” इंद्रभान समजुतीने म्हणाले, “वावरात बी न फोडलेलं बोंड आमी निरोगीच लिवतो. आता लॅपटॉपले येगळा न्याय लावला तं लोकं काय म्हनतीन?”

एकतीस टक्के म्हणजे अपात्र. पासवर्ड नामंजूर झाला.

एकोणतीस तारखेला दुपारी धम्मशीलाने वकारभाईंना फोन लावला. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यांनी हातातला पंप खाली ठेवला.

“पासवर्ड नाई भेटला, भाई. दुसरा काई मार्ग हाय काय?”

“हाय ना. त्याले झोपूच नका देऊ,” वकारभाई म्हणाले. “मी एक ओळ सांगतो, ते पडद्यावरच्या काळ्या खिडकीत लिहून ठेवा. मंग ते दर सेकंदाले नेटच्या डब्याले विचारत राहीन, हायेस काय बे, हायेस काय बे. डब्बा म्हनीन, हाव बे, हाव बे. या बाताबातीत दोघायले बी डुलकी लागत नाई. याले पासवर्ड लागत नाई.”

चार वाजता ओळ लिहिली. चाचणीला वायरलेस वीस मिनिटे टिकले. धम्मशीलाने अकरापैकी सात संगणक गुपचूप पायाने बाजूला सारले. मग वायरलेस चाळीस मिनिटे टिकले. साहेबांची मंजुरी मिळेपर्यंत साडेपाच वाजले; तिने फॉर्मांची यादी उघडली, तर खाली आकडा होता चारशे अठरा.

“सर, एक जास्त दिसतो.”

“तो वायरलेसचा,” साहेब म्हणाले. “गावच्याच शिवारात आहे ना कार्यालय.”

“पण तो अपात्र झाला.”

“म्हणून काय झालं? अपात्र आहे हे वर कळायला नको? वगळलात तर माहिती दडवली असं होईल.”

वाद घालायला वेळ नव्हता. पाच चव्वेचाळीसला तिने बटण दाबले. भाऊराव खिडकीत होते. आज त्यांच्या मागे आणखी तीसेक माणसे होती. काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी सरकत होत्या. नववे मिनिट आले आणि गेले. तीनशे एकेचाळीस. तीनशे बेचाळीस. चारशे. चारशे सतरा. चारशे अठरा.

पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी पडद्यावर हिरवी खूण उमटली. बाहेर कोणीतरी शिट्टी मारली. भाऊरावांनी गजांतून हात घालून लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे पुसायला टोपी काढली. इंद्रभानांनीही, नियमात बसत नसताना, टाळ्या वाजवल्या.

सहा वाजता साइट बंद झाली. सहा वाजून एक मिनिटाने गावाचा निकाल लागला.

साहेबांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. ज्या प्लॉटमध्ये सर्वाधिक निरीक्षणे झाली असतील, तो प्लॉट गावाचा प्रातिनिधिक प्लॉट समजावा. बोरगव्हाण खुर्द : एकूण प्लॉट चारशे अठरा. प्रातिनिधिक प्लॉट क्रमांक चारशे अठरा, निरीक्षणे शंभर. नुकसान एकतीस टक्के. सबब गाव बाधित नाही.

काळ्या खिडकीतल्या ओळी अजूनही सरकतच होत्या.

“सायेब,” भाऊराव म्हणाले, “मंग माह्या वावरात काय हाय?”

“जे लॅपटॉपमध्ये आहे तेच, भाऊराव. एकतीस टक्के.”

“वीस फोडले तं सतरात निंगाली. तुमच्या मानसानंच फोडले.”

“वीसच ना? इथं शंभर पाहिलेत.”

“मंग आता उपटू काय पऱ्हाटी?”

साहेबांना नवल वाटले. “निरोगी पीक कोणी उपटतं का?”

जानेवारीत गावाच्या वेशीवर ‘बोंडअळीमुक्त गाव’ अशी पाटी लागली. मलकापूरकडून दोन गाड्या भरून शेतकरी अभ्यासदौऱ्यावर आले. त्यांना प्रातिनिधिक प्लॉट दाखवण्यात आला. इंद्रभानांनी रेफ्युजच्या ओळी पुन्हा नीट रचून घेतल्या होत्या. पाहुण्यांनी लॅपटॉपसोबत फोटो काढले, मशागतीविषयी दोन-चार प्रश्न विचारले आणि जेवून परत गेले. पाटीपासून भाऊरावांच्या वावरापर्यंत कोणीही गेले नाही. ते दौऱ्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

धम्मशीलाने निकालाविरुद्ध अर्ज केला. मंडळाने तो जिल्ह्याकडे पाठवला. लॅपटॉपच्या नुकसानीविषयी असल्याने हा विषय आपला नाही, असे जिल्ह्याने कळवले. संगणक विभागाने त्यात कापसाचा उल्लेख असल्याचे दाखवून दिले. सातव्या वेळी तो परत आला, तेव्हा तिने वरचे नाव खोडले आणि तिथे ‘जो कोणी वाचत असेल त्यास’ असे लिहिले. अर्ज खालीलप्रमाणे :

“विषय : बोंड फोडण्याबाबत. महोदय अथवा महोदया, आपण हा मजकूर वाचत आहात त्या अर्थी आपली जोडणी सुरळीत आहे, आणि आपण मध्ये दोन-तीन वेळा हसलाही असाल. त्याबद्दल तक्रार नाही. तथापि आपल्या अंगावर या क्षणी सुती कपडा आहे काय, असल्यास तो कोणत्या वावरातून आला, याची नोंद कार्यालयात आढळून येत नाही. सबब आपणांस विनंती करण्यात येते की, आपण येत्या हंगामात स्वखर्चाने एका वावरात जाऊन, कोणत्याही दिवशी, कोणतेही एक बोंड स्वतःच्या बोटांनी फोडावे, आत काय दिसले ते आपल्या हस्ताक्षरात लिहावे आणि फोटोसह सात दिवसांत सादर करावे. आपला अहवाल प्राप्त होईपर्यंत आपणांस निरोगी धरता येणार नाही.”