सगळे डावीकडेच का पडतात?

सोपानरावांच्या कार्डावर तीन ओळी होत्या. पहिलीत नाव, दुसरीत 'खासगी गुप्तहेर, भोसरी ते चाकण' आणि तिसरीत 'गुन्हेगार कुठेही लपो, सापडणारच'. मागच्या बाजूला त्यांचा रंगीत फोटो होता. त्यात त्यांनी गॉगल लावलेला असल्यामुळे गुप्तता पाळली गेली होती.

एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी कंपनीत दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. निवृत्तीनंतर ही कला वाया जाऊ नये म्हणून ते गुप्तहेर झाले. आपल्या नजरेतून सुई सुटत नाही, असं ते चष्मा शोधताना सांगत.

धम्मपाल त्यांचा सहायक होता. फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर सोपानरावांना स्कूटरवर हिंडवायचं, त्यांचे तर्क वहीत उतरवायचे आणि नंतर लोकांची माफी मागायची, अशी त्याची तीन कामं होती. यातल्या तिसऱ्याला सगळ्यात जास्त वेळ जाई.

या वेळी मात्र प्रकरण धम्मपालच्या घरचंच होतं. गल्लीच्या वळणावरच्या स्पीडब्रेकरवर दोन महिन्यांत सात दुचाकीवाले आडवे झाले होते, आणि सातवी त्याची बहीण आम्रपाली होती. मनगट प्लास्टरमध्ये गेलं, ते बरं होणार होतं. पण ती चाकणच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायची. तिच्या सगळ्या विभागात ती एकटीच बाई फोर्कलिफ्टवर होती, आणि तीन वर्षं भांडून तिने ती जागा मिळवली होती. आता अपघाताच्या कागदावर 'स्वतःचा निष्काळजीपणा' लिहिलं गेलं होतं, आणि सोमवारी चौकशी होती.

"साहेब म्हणाले, जिला स्कूटर सांभाळता येत नाही तिच्या हातात दोन टनांचा माल कसा द्यायचा?" आम्रपाली म्हणाली. "मी हळूच होते, दादा. खरं कारण लेखी द्या म्हणतात. पण ते मलाच कळलेलं नाही."

सोपानराव उभे राहिले. "पोरी, रडू नगंस. आमी हाय."

हे ऐकून धम्मपालला जास्तच काळजी वाटली.

रविवारी सकाळी जागेवरचा तपास सुरू झाला. सोपानरावांनी व्हर्नियर कॅलिपर काढून भर रस्त्यात ब्रेकर मोजायला घेतला. मागे पाण्याचा टँकर हॉर्न देत होता.

"धम्मा, लिही. सातही जण डावीकडंच पडल्यात. म्हंजे डाव हाय."

पहिला संशयित होता वळणावरचा गॅरेजवाला रणजीत. पडलेल्या गाड्यांची हँडलं तोच सरळ करत असे, म्हणजे हेतू सिद्ध झाला. रस्त्यावर तेलाचा थेंबही सापडला. सोपानरावांनी तो बोटावर घेऊन हुंगला आणि जाहीर केलं, "गिअर ऑइल!"

"वड्याचं तेल हाय ते," शेजारी भाजीची पाटी मांडून बसलेल्या तानुबाई म्हणाल्या. "सकाळी माझाच वडा पडला तिथं."

धम्मपालने रणजीतची माफी मागितली.

दुसऱ्या तर्कात एक डावखुरा कुत्रा होता. तिसऱ्या तर्कानुसार ब्रेकर रोज थोडा थोडा वाढत होता. पण कॅलिपर उलटा धरल्याचं लक्षात आल्यावर तो मागे घेण्यात आला. रस्त्याच्या कचेरीतही ते शुक्रवारीच जाऊन आले होते. तिथल्या साहेबांनी यादी पाहून सांगितलं होतं की तिथे ब्रेकरच नाही, त्यामुळे त्यावर कुणी पडू शकत नाही. पांढरे पट्टे मारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

दुपार झाली. धम्मपालने बहिणीकडे पाहिलं आणि वही मिटली.

"का ओ," तानुबाई म्हणाल्या, "मला कुनी इचारतच न्हाई. सातही मी बघितल्यात की."

"मावशी, साक्षीदाराचा नंबर नंतर येतो," सोपानराव म्हणाले.

पण आम्रपाली पुढे सरकली. पाच वेळा 'का' विचारलं की मूळ कारण मिळतं, ही कंपनीतली पद्धत तिला पाठ होती.

"मावशी, लोक का पडतात?"

"ब्रेकर दिसत न्हाई त्यास्नी."

"का?"

"माना डावीकडं असत्यात."

"का?"

तानुबाईंनी हातातली मेथीची जुडी खांबाकडे केली. खांबावर पिवळा फलक होता: 'सुरक्षित वाहन चालवा. चौदा सूचना. सौजन्य: सोपानराव'. तो लावताना शिडी धम्मपालनेच धरली होती.

या कारखान्यांच्या पट्ट्यातला माणूस सुरक्षेचा फलक अर्धा सोडत नाही. कोणती सूचना कधी म्हणायला लावतील याचा नेम नाही, आणि आली नाही तर कंपनीच्या गेटातून आत सोडत नाहीत. अक्षरं होती बारीक आणि ब्रेकर होता दहा पावलांवर.

"मी नवव्या सूचनेपर्यंत पोचले होते," आम्रपाली हळूच म्हणाली.

धम्मपालने वर पाहिलं. नववी सूचना होती, 'नजर रस्त्यावरच ठेवा'.

हसू दाबत आम्रपालीने चौथा प्रश्न सोपानरावांना विचारला. "नाना, फलक का लावलात?"

सोपानरावांनी आधी कॅलिपर पुसून खिशात ठेवला.

"ब्रेकर झाला त्याच दिवशी मी पडलो," ते म्हणाले. "मला दिसलाच न्हाई. मीच पडलो म्हनून कुनाला सांगायचं? लाज वाटली. न सांगता लोकं सावध व्हावीत म्हनून फलक लावला."

पाचवं 'का' कुणी विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी एक शब्द बोलून डबाभर पांढरा रंग आणला असता, तर सात माणसं वाचली असती, हे त्यांना आपोआपच कळलं.

मग सोपानरावांनी वही मागून घेतली आणि पाटीजवळच्या पोत्यावर बसून आम्रपालीच्या कंपनीसाठी अहवाल लिहिला. बिनपट्ट्यांचा ब्रेकर, चुकीच्या जागी फलक, पडलेल्यांची संख्या आठ. खाली सवयीने 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना आखला. एकतीस वर्षांत त्यांनी अशा रकान्यात शेकडो नावं भरली होती, स्वतःचं एकदाही नाही. आज त्यांनी ते वडिलांच्या नावासकट, पूर्ण लिहिलं.

संध्याकाळपर्यंत फलक उतरला. रणजीतने रंग दिला, धम्मपालने पट्टे मारले आणि पट्टा वाकडा गेला की आम्रपाली प्लास्टरचा हात हलवून ओरडत होती. सोमवारी कंपनीने 'निष्काळजीपणा' खोडला. प्लास्टर निघालं की फोर्कलिफ्ट तिचीच होती.

ते ऐकून सोपानरावांनी खिशातून आपलं कार्ड काढलं, तिसरी ओळ एकदा वाचली आणि ते धम्मपालच्या हातात ठेवलं.

"खोटं न्हवतं बघ," ते म्हणाले. "सापडला की."