बऱ्या माणसांची चौकशी

साथीचे रोग शास्त्रज्ञ शोधून काढतात आणि शासन आटोक्यात आणतं, असा एक उदात्त समज आहे. आमच्या ऐरोलीच्या सोसायटीत हे काम म्हात्रे सिस्टर दारावरची बेल दाबून करतात.

आजारी माणसाची विचारपूस कुणीही करतं. सिस्टर धडधाकट माणसाला गाठतात. बी-विंगमधल्या निम्म्या घरांत जुलाब सुरू झाले, तेव्हा त्या लांबडी वही घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"तुला का नाय झालं?"

"मी ए-विंगमधला," मी जामीन मागितल्यासारखा म्हणालो.

"ते लिवलंय. पानी कुठलं पितोस?"

निवृत्तीपर्यंत सरकारी नर्स म्हणून सिस्टरांनी खाडीकाठची गावं पायी पालथी घातली. विहिरीत औषध टाकायचं, घरोघर आजारी मोजायचे. "अहवालावर सही डाक्टरची, चपला झिजल्या माझ्या," हे त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत, नोंद म्हणून सांगतात.

तीन दिवसांत त्यांच्या वहीत एकच संशयित उरला: बी-विंगची जमिनीखालची टाकी. अध्यक्ष सामंतांना ते पटेना. रविवारी सोसायटीचा वर्धापनदिन, आमदार येणार. "सिस्टर, उगाच पॅनिक नको. सोसायटीचं नाव जाईल."

रविवारी सकाळी बी-विंगमधल्या पाच वर्षांच्या आर्याला सलाइन लावलं. दुपारी त्याच विंगच्या नळाचं पाणी भरून मांडवात सरबताचं पिंप तयार झालं. मुलं पेले घेऊन रांगेत उभी राहिली. सिस्टरांनी पिंपावर झाकण ठेवलं आणि झाकणावर स्वतः बसल्या.

"उठा," सामंत दात आवळून म्हणाले. गेटवर गाडीचा हॉर्न वाजला.

"नाय उठत."

"अहो, पाणी स्वच्छ आहे! मीपण बी-विंगमध्येच राहतो ना? मला झालंय काही?"

मुद्दा बिनतोड होता. सिस्टरांनी शांतपणे वही उघडली.

"तेच इचारायचं व्हतं. चार येळा आले, तुमी भेटला नाय. वैनी, साहेब पानी कुठलं पितात?"

सामंतवहिनी फार सरळ बाई. "यांचा वेगळा जार येतो, विकतचा. आम्ही आपलं नळाचंच पितो." मग खालच्या आवाजात, "मला कालपासून होतंय."

आयांनी मुलांच्या हातातले पेले काढून घेतले. पिंप गटारात रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी टाकी उपसली, तेव्हा भिंतीला भेग सापडली. पलीकडे ड्रेनेजची लाइन होती.

आठवड्याभरात सगळे बरे झाले. आर्या शाळेत जाऊ लागली. सिस्टर मात्र रोज संध्याकाळी येतच राहिल्या. फॉलो-अप, म्हणाल्या. विसाव्या दिवशी मी न राहवून म्हटलं, "सिस्टर, आता विचारण्यासारखं काही उरलंय का?"

त्या जरा गडबडल्या. पेन्सिलीचं टोक बघत राहिल्या.

"मग घरी जाऊन कुनाला इचारू?"

बायकोने खुर्ची पुढे केली. जाताना सिस्टर वही टेबलावरच विसरल्या. तिच्यात आमच्या फ्लॅटच्या नंबरापुढे त्या दिवशीची नोंद होती: जुलाब नाहीत. ताप नाही. चहा दोन कप, साखर जास्त.