दहा वर्षांनंतरची सावली

भिंगारदिवे सर भर दुपारी रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "जरा आत सरका. उन्हात उभे आहात तुम्ही."

आत म्हणजे खडूच्या रेषेच्या आत. तिथंही ऊन तेवढंच असतं. फक्त दहा वर्षांनी तिथं कडुनिंबाची सावली पडणार असते.

सर चित्रकलेचे शिक्षक होते. निवृत्त होऊन सावेडीत आमच्या शेजारी राहायला आले आणि फळ्यावरचा हात रस्त्यावर आला. झाड लावण्याआधी ते त्याची सावली काढतात. मग आठ दिवस समोर बसून तिच्यात कोण थांबतं ते बघतात. कोणीच थांबलं नाही, तर ओल्या फडक्यानं पुसून टाकतात. "चुकली," एवढंच म्हणतात.

एकदा पेरूवाल्या मावशींनी त्यांना गाठलं.

"सर, माझी सावली लई बारीक काढली. त्या चहावाल्याची केवढी हाय बघा."

"त्याचा वड आहे, मावशी. तुमचा कडुनिंब."

"मलाच का निंब? मी काय कडू बोलते व्हय?"

सरांनी निमूटपणे रेघ वीतभर पुढे नेली. मावशींनी टोपली आत ओढली आणि रिक्षावाल्याला दरडावलं, "चाक काढ बाहेर. माझ्या सावलीत आलंय."

संध्याकाळी मावशी गेल्यावर मीही तिथं उभा राहून आलो. गार वाटलं.

यंदा उद्यान विभागानं वॉर्डाला पाच रोपं दिली आणि जागा ठरवायचं काम सरांवर सोपवलं. चार लागली. पाचव्यासाठी मंदिरवाले, जिमवाले, दोन सोसायट्या मागे लागल्या. सर कोणालाच हो म्हणेनात. रोप त्यांच्या ओट्यावर मलूल होऊ लागलं.

एका सकाळी ते माझ्या दाराशी आले. "चला जरा." माझी बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी कुठंच जात नव्हतो, त्यांच्याबरोबर गेलो. रिक्षा अमरधाम स्मशानभूमीच्या फाटकाशी थांबली. हिला इथंच पोचवलं होतं. मला उतरवेना.

सर रोप मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिले.

"सगळं आटोपून माणूस या फाटकातून बाहेर येतो," ते म्हणाले. "लगेच घरी जाववत नाही त्याला. कुठंतरी थांबतो. इथं आठ दिवस बसून बघायला हवं होतं. मला एक दिवसही जमलं नाही. तुम्ही कुठं थांबला होता?"

मी उतरलो. भिंतीपासून चार पावलांवर जाऊन उभा राहिलो.

सर माझ्या पायांकडे बघत राहिले. "आमच्या हिच्या वेळी मीपण इथंच होतो," म्हणाले.

मग रिक्षातली कुदळ हातात घेऊन ते बाजूला थांबले. मला मात्र सरकायला सांगितलं नाही.